न अडणारे यंत्र

निवृत्तीनंतरच्या अकराव्या महिन्यात फोरमनांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना क्रमांक दिले. एकूण एकोणतीस भरल्या. कोणत्या बिजागरीला कोणत्या तारखेला तेल घातले, याचा तक्ता त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. चौदा क्रमांकाची बिजागरी, म्हणजे स्वयंपाकघरातल्या वरच्या फडताळाची, तक्त्याला न जुमानता आवाज करते असा त्यांना संशय होता. म्हणून एका सकाळी ते स्टुलावर चढून, दाराला कान लावून उभे होते.

"अहो, काय ऐकताय?" खालून पत्नीने विचारले.

"कुरकुर ऐकतोय."

"मग एक कान इकडेही द्या. कधीची करतेय मी."

पंप तयार करणाऱ्या कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षे काढली होती. तंत्रनिकेतनातून बाहेर पडले ते थेट दुरुस्ती विभागात, आणि शेवटची चौदा वर्षे त्याच विभागाचे फोरमन म्हणून. त्यामुळे घरी-दारी सगळे त्यांना फोरमनच म्हणत. पत्नीही शेजारणीशी बोलताना "आमचे फोरमन" असाच उल्लेख करी. तो कौतुकाने की वैतागाने, हे त्या दिवशीच्या बिजागऱ्यांवर अवलंबून असे.

त्या सकाळी तिने वर्तमानपत्राचे एक कात्रण स्टुलाच्या पायाशी ठेवले. मुलांच्या विज्ञान केंद्राला उन्हाळी सुट्टीपुरते स्वयंसेवक हवे होते. वयाची अट नव्हती.

"मी फोन केलाय. उद्या नऊ वाजता बोलावलंय तुम्हाला."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही कागदाच्या मधोमध रेघ मारली असती. एकीकडे फायदे, एकीकडे तोटे. तोवर मुलांच्या शाळा उघडल्या असत्या."

यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. फोरमन स्टुलावरून उतरले.

विज्ञान केंद्राच्या इमारतीत पूर्वी छापखाना होता. तळमजल्यावरच्या मोठ्या दालनाच्या फरशीत जुन्या यंत्रांच्या बोल्टची भोके अजून दिसत, आणि लहान मुले त्यांत पेन्सिलींचे तुकडे टाकून पाहत. दालनात बावीस प्रयोग मांडलेले होते. चुंबक, आरसे, भिंगे, लंबक, फिरती खुर्ची. कशालाही 'हात लावू नका' अशी पाटी नव्हती. फोरमनांनी ती दोनदा शोधली.

केंद्र चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. पस्तिशीच्या होत्या. केसांत खोचलेली पेन्सिल त्या दिवसभर इकडेतिकडे शोधत असत. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काका, तुम्हाला मुलांची सवय आहे?"

"मशीनची आहे."

"चालेल. आमच्याकडे मशीनलाच मुलांची सवय नाहीये." आणि त्या त्यांना कोपऱ्यातल्या छर्र्यांच्या यंत्राकडे घेऊन गेल्या.

कोणा हौशी गृहस्थाने भंगारातून उभारलेले ते यंत्र माणसाहून उंच होते. खाली एक हँडल. ते फिरवले की साखळीला लावलेल्या छोट्या वाट्या बोराएवढे पोलादी छर्रे उचलून वर नेत. तिथून ते पन्हळींमधून घरंगळत, एका तराजूवर आदळत, नागमोडी नळीतून गरगरत खाली येत आणि शेवटी एक घंटा वाजवून पुन्हा परातीत पडत. निदान त्यांनी असे करावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात यंत्र सतत अडत असे. कधी वाटीच्या कडेला छर्रा अडे, कधी साखळी चक्राचे दात सोडी, कधी तराजू रुसल्यासारखा एकाच बाजूला पडून राही.

पहिल्या दिवशी ते सतरा वेळा अडले. प्रत्येक वेळी फोरमन पाना घेऊन सरसावले, आणि प्रत्येक वेळी त्यांच्याआधी पाच-सहा मुले तिथे पोचलेली होती. सुट्टीचा पास काढलेली ही मुले रोज येत. त्यांत नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या डोक्यावरची नारिंगी टोपी नेहमी मागे तोंड करून असे. तिच्या हातात शीतपेयाची नळी होती आणि ती त्या नळीने पन्हळीत ढोसत होती.

"बाळ, बाजूला हो. काढतो मी."

"आजोबा, वरून नका काढू. खालून ढोसा. वरून ढोसलं की दोन अडकतात."

फोरमनांनी वरून ढोसले. दोन अडकले.

"सांगितलं होतं," टोपीवाली म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. नव्या कामगाराशी जुना कामगार बोलतो तसे ते होते.

दुसऱ्या दिवशी फोरमन एक रेघांची वही घेऊन आले. कारखान्यात प्रत्येक यंत्राची अशी वही असे: कधी थांबले, कुठे थांबले, का थांबले, काय उपाय केला. त्यांनी रकाने आखले, वहीला दोरीने पेन्सिल बांधली आणि ती यंत्राच्या कडेला टांगली. मग टेबलावरचे तेलाचे डबे उंचीप्रमाणे लावले. कितीतरी महिन्यांनी त्यांना आपण योग्य ठिकाणी उभे आहोत असे वाटले.

आठवड्याभरात घरातही फरक पडला. फोरमन साडेपाचलाच उठू लागले, इस्त्रीचा शर्ट घालू लागले, खिशाला पेन आणि मोजपट्टी लावू लागले. पत्नीला तिचे स्वयंपाकघर परत मिळाले. तिने बिजागऱ्यांचा तक्ता काढून टाकला, तरी त्यांच्या लक्षात आले नाही.

दुसऱ्या सोमवारी ताईंनी सगळ्या स्वयंसेवकांना चहाला बोलावले. केंद्राच्या कमिटीने एक मोठा पडदा घेतला होता. बोटाने स्पर्श केला की त्यावर ग्रह फिरत, ज्वालामुखी फुटत. तो मांडायला जागा हवी होती. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात ज्या प्रयोगापाशी सर्वांत कमी मुले थांबतील, तो उचलून स्टोअरमध्ये जाईल असे ठरले होते. मोजणीसाठी कॉलेजात शिकणारी एक मुलगी नेमली होती, आणि सरावाची मोजणी आठवडाभर आधीच सुरू झाली होती. तिच्या मुठीत बटण दाबले की एकेक आकडा पुढे सरकवणारी डबी असे. एखादे मूल एका प्रयोगापाशी पूर्ण मिनिटभर थांबले, की एक. मग ते किती का वेळ थांबेना, तो एकच. तिला सगळे मोजणीवाली म्हणू लागले.

"सध्या छर्र्यांचं यंत्र नवव्या नंबरवर आहे," ताईंनी फोरमनांना बाजूला घेऊन सांगितले. "तसा धोका नाही. पण काका, एक सांगून ठेवते. ते गेलं तर तुमच्या हाताजोगं दुसरं काम इथं उरत नाही. बाकी सगळं आरसे आणि भिंगं. पुसायला फडकं पुरतं."

फोरमनांना पुढचे दिवस डोळ्यांपुढे दिसले. पुन्हा सकाळी उठून घरातल्या घरात फेऱ्या, पुन्हा वर्तमानपत्राची घडी उलगडणे आणि घालणे. ते बोलले मात्र एवढेच: "नववा नंबर हा काही नंबर नव्हे. पहिला आणतो."

पुढच्या अडीच आठवड्यांत त्यांनी त्या यंत्राची साफ काया पालटली. प्रत्येक वाटीची कड कानशीने घासून गुळगुळीत केली. दांडा जिच्यात फिरे ती झिजलेली बुशी बदलली. साखळी ज्या दातेरी चक्रांवरून फिरे ती दोन्ही चक्रे दोरी लावून एका रेषेत आणली. एकशे वीस छर्रे एकामागून एक मोजले. त्यांतले एकतीस केसभर मोठे निघाले, ते बाजूला काढले. पन्हळींचे उतार पाणसळीने तपासले. कोणी नळ्या खुपसू नयेत म्हणून समोर पारदर्शक प्लास्टिकचे आवरण बसवले. आणि शेजारी सुवाच्य अक्षरात सात सूचनांचा फलक लावला. सूचना क्रमांक एक: हँडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, एकसारख्या गतीने फिरवावे.

वहीतले आकडे शिस्तीत खाली आले. सतरा, बारा, सहा, दोन. आणि एका गुरुवारी संध्याकाळी फोरमन घरात शिरले तेच विजयी मुद्रेने.

"शून्य!" ते दारातूनच म्हणाले.

"काय शून्य? भाजी विसरलात का?"

"दिवसभरात एकदाही अडलं नाही. एकदाही!" मग क्षणभर थांबून म्हणाले, "भाजीही विसरलो."

यंत्र पहिल्या क्रमांकावर आले नाही. नवव्यावरून ते तेराव्यावर गेले, तेराव्यावरून अठराव्यावर. फोरमनांनी कारणे शोधली. उन्हाची तिरीप त्या कोपऱ्यात येते म्हणून खिडकीला पडदा लावला. पाण्याचा कूलर दूर आहे म्हणून तो जवळ सरकवून घेतला. मुले पाणी पिऊन निघून गेली. सूचनांचा फलक जरा खाली आणला. यंत्र बाविसाव्यावर गेले. बाविसाच्या पुढे जायला जागाच नव्हती.

शेवटी त्यांनी मोजणीवालीला गाठले. "तुझी ती डबी कधी तपासून घेतली आहेस का?"

"काका, बटण दाबलं की एक वाढतो. त्यात काय तपासायचं?"

"प्रत्येक उपकरण तपासावं लागतं. दे इकडे."

ते तासभर डबी घेऊन यंत्रापाशी उभे राहिले. दुसरी डबी घेऊन मोजणीवाली शेजारी उभी राहिली. तासाअखेर दोघांच्याही डबीत चारच होते, आणि त्या चारांतला एक बुटाची नाडी बांधायला थांबलेला होता. त्याला धरावे की नाही यावर त्यांचा पाच मिनिटे वाद झाला. त्या वेळात पाचवे कोणी आले नाही.

फोरमनांनी आलेखाचा कागद काढला. यंत्र दिवसाला किती वेळा अडले ते निळ्या पेन्सिलीने, किती मुले थांबली ते तांबड्या. दोन्ही रेघा वरून खाली हातात हात घालून उतरल्यासारख्या दिसत होत्या. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, उजेडात नेऊन पाहिला. आलेख कोणाची भीड ठेवत नाही, असे त्यांनी हाताखालच्या किती पोरांना ऐकवले होते. आता तोच कागद त्यांच्यावर डोळे वटारून बसला होता.

दुसऱ्या दिवशी टोपीवाली आली. सातही सूचना वाचून तिने हँडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले. छर्रे वर गेले, घरंगळले, आदळले, गरगरले. घंटा वाजली. पुन्हा वाजली. पुन्हा वाजली.

"आजोबा, आता अडत नाही का हे?"

"आठ दिवस झाले. एकदाही नाही."

"कधीच नाही?"

"माझी हमी."

तिने हँडल सोडले. मग "बरं," म्हणाली. आजारी माणसाला भेटून निघताना म्हणतात, तसे. आणि आरशांकडे निघून गेली.

दुपारच्या सुट्टीत दालन रिकामे झाल्यावर फोरमनांनी पाना उचलला. वरच्या चक्राचा नट अर्धा फेरा सैल केला असता, तर साखळी पुन्हा दात सोडू लागली असती. कोणाला कळलेही नसते. त्यांनी पाना नटावर चढवला. हाताने काम करायला साफ नकार दिला. छत्तीस वर्षांत त्या हाताने एकही नट सैल सोडला नव्हता. दोन मिनिटे तसेच उभे राहून त्यांनी पाना पुसून जागेवर ठेवला.

घरी त्यांनी पत्नीला सगळे सांगितले, आलेखही दाखवला. ती हसता हसता पुसत असलेली ताटली ठेवून खाली बसली.

"हसण्यासारखं काय आहे यात? मुद्दाम वाईट काम करू? मी?"

"वाईट कशाला करताय? गेले तीन आठवडे तुम्ही जे करत होतात, तेच त्यांना करू द्या की. मजा सगळी एकट्यानंच मारायची?"

"मजा? ते काम होतं."

"हो का? तोंडानं शीळ घालत घरी येत होतात तुम्ही. लग्न झाल्यापासून मी तुमची शीळ ऐकली नव्हती. काम कुठलं आणि मजा कुठली, मला कळतं हो."

आपण शीळ घालत होतो ही माहिती फोरमनांना नवीन होती.

शेवटच्या आठवड्याच्या सोमवारी ताई केंद्रात आल्या आणि कोपऱ्याकडे पाहून जागच्या जागी थिजल्या. आवरण नव्हते, फलक नव्हता. यंत्राचा नुसता सांगाडा उभा होता आणि त्याच्यापुढे सहा परातींत त्याची आतडी मांडून ठेवली होती. साखळी, वाट्या, चक्रे, पन्हळी, तराजू, नट आणि वॉशर. बाद केलेले एकतीस छर्रेही बाकीच्यांत मिसळून टाकलेले होते.

"काका! शुक्रवारपर्यंत मोजणी आहे. शनिवारी कमिटी येतेय!"

"माहीत आहे."

"आणि हे काय?"

"जुळणीचं काम काढलंय."

"करणार कोण?"

फोरमनांनी दाराकडे पाहिले. साडेनऊ वाजले होते आणि टोपीवाली सर्वांत पुढे होती. रविवारी दिवसभर बसून त्यांनी प्रत्येक भागाची टोचणारी कड घासून काढली होती, बोटे चेमटतील अशा जागा बंद केल्या होत्या आणि मुलांच्या मुठीत मावतील असे चार पाने आणून ठेवले होते. तेवढी तयारी करून ते स्टुलावर बसले. आता गप्प बसायचे, एवढेच काम त्यांना उरले होते. आयुष्यात त्यांनी याहून अवघड काम केलेले नव्हते.

सात मुलांनी परातींवर झडप घातली. त्यांनी आधी पन्हळी लावल्या, मग साखळी चढवायला जागा नाही म्हणून त्या काढल्या. वाट्या साखळीला बसवल्या त्या पालथ्या. फोरमनांच्या ओठांवर शब्द आला; त्यांनी तो गिळला. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले.

"थांबा रे!" टोपीवाली ओरडली. "आजोबांनी तोंड वाकडं केलं. काहीतरी चुकलंय."

"मी एक अक्षर बोललो नाही."

"बोलायला कशाला हवं? दिसतंय ना तोंडावर! आजोबा, हे चीटिंग आहे. तुम्ही तिकडं तोंड करून बसा."

अशा रीतीने दुरुस्ती विभागाचे माजी फोरमन भिंतीकडे तोंड करून बसले. पण त्याने फारसे भागले नाही. कोणता नट कुठे चालला आहे हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळत होते. वॉशर न घालता कोणीतरी बोल्ट आवळला आणि त्यांच्या खांद्याला झटका बसला.

"त्यांची पाठ पण वाकडी झाली," मागून कोणीतरी कळवले. "तो बोल्ट काढ. काहीतरी राहिलंय त्यात."

पालथ्या वाट्यांचा उलगडा व्हायला सव्वा तास लागला. हँडल जोरात फिरत होते, वाट्या वर जात होत्या आणि छर्रे परातीत जसेच्या तसे बसून होते. शेवटी एक बारका मुलगा म्हणाला, "अरे, आपण पेला पालथा धरून पाणी मागतोय!" त्यावर मुलांनी दालन डोक्यावर घेतले. भिंतीकडे तोंड करून फोरमनही हसत होते. ते मात्र कोणाला दिसले नाही.

संध्याकाळी त्यांनी सगळे पुन्हा खोलून परातींत ठेवले. मंगळवारी तीच सात मुले आली आणि आणखी दोन घेऊन आली. यंत्र कधी जेवणाआधी चालू होई, कधी चारला, कधी होतच नसे. कोणी फिरत्या खुर्चीकडे वळूनही पाहिले नाही.

बुधवारी मोजणीवाली खालमानेने आली. "काका, तुमचे आकडे वाईट आहेत."

"किती?"

"काल दिवसभरात नऊ. आरशांपाशी एकशे सत्तर झाले. तुमची पोरं येतात ती जातच नाहीत. एकेक पोरगं चार-चार तास, आणि धरायचा फक्त एक." तिने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "मी दर मिनिटाला एक धरू का? कोणाला काय कळतंय?"

फोरमनांना मोह झाला नाही असे नाही. हिशेब त्यांच्या डोक्यात आपोआप झालासुद्धा: नऊ मुले, प्रत्येकी दोनशे चाळीस मिनिटे, म्हणजे दोन हजार एकशे साठ. पहिला क्रमांक, आणि दुसरा कुठल्या कुठे मागे.

"नको," ते म्हणाले. "मापाचा नियम आधी ठरलाय. मध्येच पट्टी बदलली तर मोजलं कशाला म्हणायचं?"

"पण मग हे जाईल."

"जाईल." त्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

शनिवारी सकाळी कमिटी आली. तिघे जण होते. अध्यक्ष म्हणजे एक उंच, पांढऱ्या भुवयांचे दंतवैद्य, नुकताच दवाखाना बंद करून निवृत्त झालेले. एकेक प्रयोग पाहत ते कोपऱ्यापाशी आले आणि उघड्या सांगाड्याकडे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे बंद का आहे?"

"बंद नाहीये. काम चालू आहे," टोपीवाली मान वर न करता म्हणाली. "जरा उजेड सोडा ना, काका."

अध्यक्ष बाजूला झाले. पण गेले नाहीत. छर्रे वर जाऊन एका ठरावीक जागी नाहीसे होत होते आणि नळीच्या तोंडाशी पोचतच नव्हते. त्यांनी वाकून पाहिले. "हे आत कुठं अडकतायत?"

"तेच तर शोधतोय! मागची बाजू दिसत नाही."

"मागची बाजू," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम धंद्यातली ओळख उमटली. "आरसा आणा. लहान. तिकडे भरपूर आहेत."

कोणीतरी धावत जाऊन आरसा आणला. अध्यक्षांनी गुडघे टेकले, डोळा बारीक केला आणि आरसा पन्हळीच्या मागे अशा सराईतपणे सरकवला की मुलांनी आपसूक तोंडे उघडली. "हं. इथं आहे. पन्हळीला फट पडलीये आणि सगळे तिच्यातून मागच्या खोबणीत जाऊन बसलेत. एक, दोन, पाच. चिमटा आहे का?"

"पक्कड आहे."

"द्या. आणि तू बॅटरी धर. हलवू नकोस."

कमिटीचे उरलेले दोघे पुढे गेले, सगळे दालन फिरून आले, चहा घेऊन आले. अध्यक्ष तिथेच होते. मोजणी शुक्रवारीच संपली होती, तरीही मोजणीवालीने सवयीने बटण दाबले. "एक," ती म्हणाली.

पावणेबाराला घंटा वाजली. पहिला छर्रा परातीत पडला, दुसरा पडला आणि तिसरा वाटेत अडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या त्या पहिल्या दोघांसाठी, आणि धावली ती तिसऱ्याकडे.

ताईंच्या खोलीत बैठक बसली. आठवड्याचे आकडे त्यांनी वरून खाली वाचले. आवाज खाली खाली येत गेला. "शेवटचा नंबर, छर्र्यांचं यंत्र. पाच दिवसांत एकोणपन्नास."

अध्यक्षांच्या बाहीला ग्रीस लागले होते. ते म्हणाले, "यात काहीतरी चूक असणार. तासभर तर मीच तिथं अडकून पडलो होतो. फोरमनसाहेब, तुम्ही सांगा. आकडा चुकलाय ना?"

सगळ्यांनी फोरमनांकडे पाहिले. एक 'हो' पुरेसा होता. तो म्हणायला अध्यक्षांनी स्वतः दार उघडून धरले होते. फोरमनांना आपला इस्त्रीचा शर्ट आठवला, साडेपाचचा गजर आठवला.

"आकडा बरोबर आहे," ते म्हणाले. "मी स्वतः तपासलाय. मोजायची रीतही सगळ्यांना सारखीच होती. नियमाप्रमाणे आमचंच यंत्र जातं."

अध्यक्षांनी बाहीवरचा डाग चोळला, तो आणखी पसरला. "नियम आपणच केलाय," शेवटी ते म्हणाले. "पडदा कोपऱ्यात लागेल. यंत्र स्टोअरमध्ये."

फोरमनांनी मान हलवली. ते उठणार, एवढ्यात ताई केसांतली पेन्सिल काढत म्हणाल्या, "स्टोअर तसं मोठं आहे. छापखान्याची कागद कापायची खोली ती. दोन खिडक्या आहेत, लांब टेबल आहे. मोडके खोके काढले तर पंधरा मुलं सहज उभी राहतील."

"स्टोअरमध्ये मुलं कशाला येतील?" कमिटीतल्या एकाने विचारले.

ताईंनी खोलीचे दार उघडले. बाहेर नऊ मुले उभी होती. एकाच्या हातात तराजू होता, दोघांच्या हातात साखळीची टोके. टोपीवालीने पोटाशी परात धरली होती.

"आम्ही ऐकत नव्हतो," ती म्हणाली. "स्टोअर कुठल्या बाजूला आहे?"

अध्यक्ष आधी हसले, मग गंभीर झाले. "पण तिथं मुलांबरोबर कोणीतरी मोठं माणूस हवं. शाळा सुरू झाल्या की शनिवार-रविवार. फोरमनसाहेब, जमेल?"

"नऊ वाजता येईन."

"काका, आपण साडेनऊला उघडतो," ताई म्हणाल्या.

"मी नऊला येईन."

दुपारी हलवाहलव सुरू झाली. परातींची मिरवणूक पुढे गेली आणि तिच्यामागे सांगाडा, एका बाजूला फोरमन आणि अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला मोजणीवाली आणि ताई. बोळ पार करून ते स्टोअरच्या दारापाशी पोचले. सांगाडा दाराला टेकला आणि तिथेच थांबला. आडवा केला, तिरका केला, उलटा फिरवला. फोरमनांनी खिशातली पट्टी काढून दोन्हीकडे लावली. दार चार इंच अरुंद होते.

"काका," ताईंनी अविश्वासाने विचारले, "तुम्ही आधी मोजलं नव्हतं?"

"नाही," फोरमन म्हणाले. या गोष्टीचे सर्वांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटत होते.

मुलांनी सांगाड्याभोवती कडे केले. "वरचा भाग काढायला लागेल," एक जण म्हणाला. "वरचा कशाला? अडतंय बाजूला, तर बाजू काढ," टोपीवालीने त्याला उडवून लावले. "बाजू काढली तर पडेल ना सगळं!" "मग तू धरून ठेव!" "मीच का?" "कारण तू म्हणालास पडेल!"

डाव्या अंगाचे तीन बोल्ट काढले की सांगाडा दुमडतो, हे फोरमनांना ठाऊक होते. त्यांनी पट्टी गुंडाळून खिशात ठेवली, बोळातल्या पायरीवर ऐसपैस बसले आणि ताईंना विचारले, चहा मिळेल का.